साधे पान, सावकाश लिहिलेले

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्यांनी संगणकावर मराठीत लिहिले, त्यांच्या त्या वेळच्या फाइली आज उघडल्या तर पडद्यावर बहुतेक वेळा मराठी दिसतच नाही. दिसते ती रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि टक्क्यांची चिन्हे यांची निरर्थक रांग. त्या काळातले बहुसंख्य मराठी फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवून तयार केलेले होते. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. फॉण्ट हाताशी असेपर्यंत ‘क’ दिसायचा, फॉण्ट गेला की त्या जागी भलतेच चिन्ह उरायचे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या संगणकावर वाचता येईलच याची खात्री नसे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण ती घरच्या संगणकांवर, कचेऱ्यांत आणि छापखान्यांत रुळायला दीड दशक आणि काही ठिकाणी त्याहून बराच अधिक काळ गेला. मधल्या वर्षांतले किती मराठी लेखन वाचता न येणाऱ्या फाइलींत पडून राहिले, याची मोजदाद कुणी केलेली नाही. मराठीत असे आधीही घडले आहे: महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांमध्ये नोंदवून ठेवले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची किल्ली अभ्यासकांच्या हाती लागेपर्यंत मराठीतले आद्य गद्य पंथाबाहेरच्या वाचकाला जवळपास बंदच होते. त्यांनी ते जाणीवपूर्वक केले होते. आपल्या पिढीने तेच नकळत केले, आणि आता पुन्हा एकदा, वेगळ्या रीतीने, करत आहे.

आज मराठीतले वैयक्तिक लेखन पूर्वी कधी नव्हते एवढे होते आहे. प्रवासाची टिपणे, गावातल्या माणसांची व्यक्तिचित्रे, पुस्तकांवरचे अभिप्राय, शेतीचे अनुभव, आजारपणाच्या हकिगती, स्वयंपाकाच्या आठवणी. छापील मासिकांच्या काळात यातले दहातले एकही संपादकापर्यंत पोचले नसते. पण यातले जवळजवळ सगळे लेखन फेसबुकच्या भिंतींवर, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि असल्याच दोन-चार कंपन्यांच्या आवारात होते. लिपीची अडचण सुटली, जागेची उभी राहिली. माझे म्हणणे असे, की ज्याला आपले लेखन दहा-वीस वर्षांनीही कुणी वाचावे असे वाटते, त्याने ते आधी स्वतःच्या ताब्यातल्या एका साध्या पानावर ठेवावे, घाई न करता ठेवावे आणि मग हवे तिथे वाटावे. यात जुन्याचे कौतुक नाही. वेबवर काय टिकले आणि काय गेले याचा तीस वर्षांचा हिशेब आता आपल्यासमोर आहे, आणि तो एकाच दिशेला बोट दाखवतो.

त्या हिशेबातल्या काही नोंदी पाहू. जिओसिटीज या सेवेवर १९९४ पासून लाखो लोकांनी आपापली घरगुती पाने मांडली होती. १९९९ मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये, जपान वगळता, ती बंद केली. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून जमेल तेवढ्या पानांच्या प्रती काढल्या, म्हणून थोडे तरी वाचले. ऑर्कुट हे समाजमाध्यम जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. भारत आणि ब्राझील हे त्याचे बालेकिल्ले होते, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसाठी काही लिहिले असेल तर ते तिथे. गूगल प्लसची वैयक्तिक खाती एप्रिल २०१९ मध्ये गेली. मायस्पेसने त्याच वर्षी कबूल केले की सर्व्हर बदलताना लोकांनी अनेक वर्षांत चढवलेले संगीत कायमचे हरवले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. त्या बंदीची कारणे काहीही असोत, छोट्या गावांतल्या हजारो तरुणांनी दोन-तीन वर्षांत जमवलेले काम आणि प्रेक्षक हे दोन्ही त्यांच्या हातून गेले. या सगळ्यांत दोष लिहिणाऱ्याचा नव्हता. कंपनीचा नफा, कंपनीची चूक किंवा सरकारचा निर्णय, यांपैकी काहीही पुरेसे ठरले. सुटी पानेही काही अमर नाहीत. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण तो माझ्या म्हणण्याच्या विरोधातही वापरता येतो.

याच्या दुसऱ्या बाजूला एक पान आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये पहिले पान जगासाठी उघडे केले. पुढे ते पान त्याच्या पत्त्यावरून नाहीसे झाले. २०१३ मध्ये सर्ननेच त्याची १९९२ सालची प्रत शोधून मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली. तिशी उलटलेली ती फाइल आजच्या कुठल्याही मोबाइलवर, काहीही जास्तीचे न बसवता, अक्षरशः क्षणात उघडते आणि वाचता येते. आता याच्याशेजारी फ्लॅश हे तंत्र ठेवून पाहा. २००० च्या दशकात ज्यांना आपले संकेतस्थळ देखणे हवे होते त्यांनी फ्लॅशचा आश्रय घेतला. कविता हलत असत, पाने उलटत, पार्श्वभूमीला सतार वाजे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ती सगळी संकेतस्थळे रिकाम्या चौकटी बनली. साध्या पानात असे काय आहे जे फ्लॅशमध्ये नव्हते? त्यात फक्त मजकूर असतो, आणि मजकुराभोवती ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘हा दुवा’ असे सांगणाऱ्या मोजक्या खुणा. त्या खुणांवर कुणाची मालकी नाही, कारण एप्रिल १९९३ मध्ये सर्नने वेबचे तंत्र सगळ्यांसाठी खुले केले. समजा उद्या जगातले सगळे ब्राउझर नाहीसे झाले, तरी ती फाइल साध्या मजकुराच्या खिडकीत उघडून माणसाला डोळ्यांनी वाचता येईल. कंपनी बुडाली म्हणून ती मुकी होत नाही.

साधेपणाचे माप काढणेही अवघड नाही. युनिकोडच्या वेबवर रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे वर्ण, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, तीन बाइट जागा घेते. त्या हिशेबाने तुम्ही वाचत आहात तो हा लेख साधारण पन्नास किलोबाइटांत मावतो. आज वेबवरचे मध्यम वजनाचे पान दोन मेगाबाइटांच्या पुढे गेले आहे, म्हणजे या लेखासारखे चाळीस लेख मावतील एवढे. ते वजन शब्दांचे नसते. वाचक कुठून आला, किती वेळ थांबला, पुढे काय विकत घेईल, हे टिपणाऱ्या यंत्रणा, जाहिराती, आपोआप सुरू होणारी चित्रफीत आणि कुणी न मागितलेले फॉण्ट यांचे ते वजन असते. मेळघाटातल्या किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावात, जिथे सिग्नल येतो-जातो, तिथे पन्नास किलोबाइटांचे पान उघडते आणि दोन मेगाबाइटांचे अर्धवट लटकते. साधे पान हे मुळात शहाणपणाचे पान आहे, पण ग्रामीण वाचकाच्या बाबतीत ते सौजन्याचेही आहे. ब्राउन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक जेफ हुआंग यांनी २०१९ मध्ये दहा वर्षे टिकेल असे पान कसे करावे यावर एक निबंध लिहिला. त्यांच्या सूचनांचा रोख हाच होता: बाहेरच्या कशावरही विसंबू नका, पान जितक्या कमी गोष्टी मागेल तितके ते जास्त काळ उभे राहील.

आता सावकाशपणाबद्दल. पान साधे असावे हे पटले तरी लेखनाने संथ का असावे, हा प्रश्न उरतोच, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समाजमाध्यमांची रचना अशी असते की नवे वर येते आणि जुने खाली जाते. कालचे लेखन परवा सापडत नाही. तीन वर्षांपूर्वीची आपलीच पोस्ट शोधायची तर खुद्द लेखकाची दमछाक होते. या रचनेत लिहिणाऱ्याला दोन धडे आपोआप मिळतात. एक, आज सगळे ज्याविषयी बोलताहेत त्याविषयी आजच बोललो तरच कुणी ऐकेल. दोन, एकदा लिहून झालेल्या मजकुराकडे परत जाण्यात काही अर्थ नाही. दोन्ही धडे लेखनाच्या मुळावर येणारे आहेत. पहिल्यामुळे विषय दुसरे ठरवतात. दुसऱ्यामुळे दुरुस्तीची सवय मोडते, आणि दुरुस्ती हेच तर लेखनाचे निम्म्याहून अधिक काम आहे. अमेरिकेतले शिक्षणक्षेत्रातले अभ्यासक माइक कॉलफिल्ड यांनी २०१५ मध्ये वेबवरच्या लेखनाचे दोन प्रकार सांगितले होते, बाग आणि प्रवाह. प्रवाहात वाहत्या पाण्याबरोबर सगळे पुढे जाते. बागेत माणूस त्याच वाफ्याकडे पुन्हा पुन्हा येतो, तण काढतो, एखादे रोप हलवतो. आपल्याकडची परसबाग डोळ्यांसमोर आणली की हे लगेच कळते. कुणी परसबाग वर्षातून एकदा लावून विसरत नाही, आणि कुणी रोज उपटून नवीही लावत नाही. लेखाच्या शेवटी पहिल्या लेखनाची तारीख आणि अखेरच्या दुरुस्तीची तारीख अशा दोन नोंदी ठेवल्या, तर वाचकालाही कळते की हा मजकूर कुणीतरी सांभाळतो आहे.

मराठी वाङ्मयाला या संथपणाची ओळख नव्याने करून द्यायला नको. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या, वर्षभर जुळवलेल्या वाचनाची प्रथा पडली. ती शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि जगात तिला तोड सापडणे कठीण आहे. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत लेखकांना लेखन परत पाठवून पुन्हा लिहायला लावत, आणि लेखक ते करत. अरुण कोलटकर १९५० च्या दशकापासून कविता करत होते. त्यांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’ने काढला, आणि पुढचा मराठी संग्रह यायला पाव शतक लागले. त्या पंचवीस वर्षांत ते लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. प्रत्येकाने कोलटकरांइतके थांबावे असे कुणी म्हणणार नाही. पण लिहिणे आणि प्रसिद्ध करणे यांच्यामध्ये एक रात्र, एक आठवडा, एक पावसाळा जाऊ देण्याची जी मुभा त्यांनी घेतली, ती कुठल्याही कंपनीच्या परवानगीवाचून आजही घेता येते. स्वतःच्या पानावर ‘तुम्ही बऱ्याच दिवसांत काही लिहिले नाही’ अशी आठवण करून देणारे कुणी नसते. हे मला त्या पानाचे सर्वांत मोठे सुख वाटते.

सगळ्यात जड आक्षेप वाचकांचा आहे. लोक फेसबुकवर आहेत, तिथे लिहिले तर तासाभरात दोनशे जण वाचतात. स्वतःच्या पानावर कोण येणार? आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. लिहिणाऱ्याला वाचक हवा असतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ‘दोनशे जणांनी वाचले’ हे विधान जरा तपासून पाहायला हवे. अंगठा उमटला म्हणजे मजकूर वाचला गेला असे नाही, आणि जो वाचक आज आहे तोच एकमेव वाचक आहे असेही नाही. एखाद्याने कोकणातल्या खाजण शेतीचे बांध कसे घालत याची माहिती लिहून ठेवली, किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात लग्नात म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांच्या चाली नोंदवल्या, तर त्या लेखनाचा खरा वाचक पाच वर्षांनी येईल, शोधत येईल, आणि अगदी तेच वाचायला येईल. बंद आवारातले लेखन शोधयंत्रांना बहुधा दिसत नाही, खुल्या पानावरचे दिसते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे लेख लिहिणाऱ्यांची नेहमीची अडचण असते ती संदर्भाची, म्हणजे ज्याकडे बोट दाखवावे असे मराठीतले स्थिर पान सापडत नाही. ती उणीव थोडीफार भरून काढण्याची ताकद या वैयक्तिक लेखनात आहे, पण ते जागच्या जागी राहिले तरच. शिवाय स्वतःच्या पानावर आधी ठेवून मग त्याचा दुवा किंवा अख्खा मजकूर फेसबुकवर टाकायला कुणाची आडकाठी नाही. मूळ प्रत घरात, वाटायच्या प्रती बाजारात, एवढाच क्रम सांभाळायचा.

वाचकांना पुन्हा पुन्हा बोलावण्याची सोयही जुनीच आहे. १९९९ मध्ये तयार झालेली आरएसएस नावाची एक छोटी फाइल पानासोबत ठेवली, की वाचकाचे ॲप अधूनमधून ती पाहते आणि नवे काही आले असल्यास कळवते. मध्ये कुणी क्रम लावणारा नाही, कुणाला काय दाखवायचे हे ठरवणारा नाही. गूगलने आरएसएस वाचण्याचे आपले ‘रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद केले तेव्हा अनेकांनी आरएसएसचे श्राद्ध घातले. आज जगातले बहुतेक पॉडकास्ट त्याच फाइलवर चालतात. सेवा गेली, पद्धत राहिली, कारण पद्धत कुणाच्या मालकीची नव्हती. आणि ज्यांना हेही अवघड वाटते त्यांच्यासाठी ईमेल आहेच, तो तर वेबहूनही जुना.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सावकाश लिहिणे, स्वतःचे पान राखणे ही ज्यांना फुरसत आहे त्यांची चैन. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नाही त्या समाजांतल्या, घरात अडकलेल्या बायकांच्या, गावकुसाबाहेरच्या लेखणीला समाजमाध्यमांनीच पहिल्यांदा व्यासपीठ दिले, ते सोडायला सांगणे अन्यायाचे आहे. यातला पूर्वार्ध मला मान्य नाही आणि उत्तरार्ध पूर्ण मान्य आहे. सोडायला कुणी सांगत नाही. अत्याचाराची बातमी, मोर्चाची हाक, पुरात अडकलेल्यांसाठी मदत, हे लेखन त्याच क्षणी आणि जिथे गर्दी आहे तिथेच व्हायला हवे. पण स्वतःचे साधन ही चैन आहे, हे मात्र आपल्या इतिहासाशी जुळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, ते त्या वेळच्या वृत्तपत्रांतून अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा मिळत नव्हती म्हणून. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. पैसा नव्हता, मनुष्यबळ नव्हते, पण अंक स्वतःचे होते, ते जपले गेले, आणि पुढे राज्य सरकारने त्यांचे पुनर्मुद्रण केले तेव्हा नव्या पिढ्यांना ते मूळ शब्दांत वाचता आले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून निघाले. साठच्या दशकात अशी अनियतकालिके ठिकठिकाणी उगवली, राजा ढाल्यांसारखे लोक त्यांतून लिहू लागले, आणि त्या धगीतून पुढे १९७२ मध्ये दलित पँथरपर्यंतची वाट गेली. मोठ्या मासिकाच्या दारात उभे राहण्यापेक्षा हाताने फिरवायचे यंत्र त्यांना परवडले. ज्यांचे म्हणणे कुणीतरी सहज पुसून टाकू शकते, त्यांनाच आपल्या ताब्यातल्या प्रतीची गरज सर्वाधिक असते. तक्रारी आल्या म्हणून खाते गोठवले जाते तेव्हा सगळ्यात आधी कुणाचे गोठवले जाते, हा प्रश्न या आक्षेप घेणाऱ्यांनीच विचारायला हवा.

हे तंत्र सामान्य माणसाला जमेल का? दहा वर्षांपूर्वी मी थोडा कचरलो असतो. आता मोबाइलवर बोलून मराठी टंकता येते. शीर्षकापुढे एक चिन्ह आणि दोन परिच्छेदांत एक रिकामी ओळ एवढ्यावर भागणारी मार्कडाउन ही पद्धत २००४ पासून आहे, आणि त्या मजकुराचे पान बनवून देणारी मोफत साधने मुबलक आहेत. ज्याला तेही नको त्याला २००३ पासून चालत आलेले, कुणालाही वापरता, तपासता आणि बदलता येणारे वर्डप्रेस आहे. देवनागरीत लिहिलेला .भारत हा पत्ता २०१४ पासून मिळतो, म्हणजे संकेतस्थळाचे नावसुद्धा मराठीत ठेवता येते. खरी अडचण कौशल्याची नाहीच, सवयीची आहे. लिहून झाले की मजकुराची एक प्रत आपल्याजवळ साध्या फाइलमध्ये ठेवायची, ही एकच सवय लागली तरी पुष्कळ झाले. व्हॉट्सॲपवर कुणाची तरी कविता पुलंच्या नावाने आणि कुणाचा तरी लेख ‘अनामिक’ म्हणून फिरतो, तेव्हा मूळ लेखकाजवळ तारीख घातलेले, सगळ्यांना पाहता येईल असे पान असेल तर त्याला निदान दाखवायला काहीतरी असते. उघड्यावर ठेवले तर लोक उचलतील, आता तर यंत्रेही उचलतील, ही भीती खरी आहे. पण बंद गटातून उचललेले तितकेच उचलले जाते, फक्त नाव मागे राहते.

आणि आता प्यूच्या ३८ टक्क्यांकडे. नाहीशा झालेल्या त्या पानांत वैयक्तिक पानेही असणारच. मालकाने डोमेनचे पैसे भरायचे थांबवले, माणूस आजारी पडला, वारला, आणि पान गेले. कंपनीच्या आवारातले लेखन निदान कंपनी जगेपर्यंत तरी राहते, असे कुणी म्हणेल. याचे उत्तर पत्त्यात नाही, प्रतींमध्ये आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची, रुमालात बांधलेली दप्तरे गोळा केली. त्यांतली कितीतरी कागदपत्रे वाळवीने खाल्ली होती. जी वाचली ती अनेक घरांत विखुरलेली असल्यामुळे वाचली. सगळी एकाच दप्तरखान्यात असती तर एका आगीत गेली असती. वेबवरच्या साध्या पानाची प्रत काढणे हे तर त्याहून कितीतरी सोपे आहे. सॅन फ्रान्सिस्कोतली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून असे जतन करते आहे, आणि कुठल्याही खुल्या पानाचा पत्ता तिला कुणीही देऊ शकतो. फेसबुकच्या भिंतीवरचे लेखन असे जपता येत नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये आपल्या ग्रंथालयांना देशातली संकेतस्थळे जपून ठेवण्याचा कायदेशीर अधिकार दिला, डेन्मार्कने २००५ मध्येच. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे जाते, पण तो कायदा छापील जगाचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने काय काय करायचे याच्या याद्या निघत आहेत, त्यांत मराठी पानांच्या वार्षिक जतनाचे काम घातले तर त्याला लागणारी साठवणुकीची जागा एखाद्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात मावेल, पाने साधी असतील तर.

तोवर काम घरच्या पातळीवर करता येते. या लेखाएवढे पाचशे लेख, म्हणजे एखाद्या माणसाने तीस-चाळीस वर्षे शांतपणे लिहिलेले सगळे, पंचवीस मेगाबाइटांत बसतात. मोबाइलने काढलेल्या सात-आठ छायाचित्रांएवढी ती जागा आहे. आजीच्या किंवा आजोबांच्या माघारी त्यांचा फोन हातात घेऊन बसलेल्या नातवाला त्यांचा पासवर्ड बहुधा माहीत नसतो. ‘लेखन’ नावाचा एक फोल्डर त्याला माहीत असू शकतो, तो भावंडांना पाठवता येतो, आणि त्यातली प्रत्येक फाइल दोन बोटांनी उघडते.